अकरा इंच खाली

धुळे
१२ ऑक्टोबर २०२५

सोमनाथदादा,

मी तेजस्विनी. मखमलाबादच्या रविराजची धाकटी बहीण. तेजू म्हटलं तर लवकर ओळखाल. रविदादा गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, म्हणजे तुमचं-माझं नीट बोलणं होऊन वीस वर्षं झाली.

मागच्या आठवड्यात मी फोन केला होता. तुम्ही "बघू" म्हणालात आणि मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. फोनवर "बघू" म्हणता येतं, कागदाला काहीतरी लिहूनच उत्तर द्यावं लागतं.

विषय तोच आहे. ललितदादाने सांगितलं की सिंहस्थासाठी द्वारकेच्या बाजूच्या भिंती रंगवायला घेतल्यात आणि ते काम तुमच्या हाताखाली आहे. त्यात बंद गोदामाची ती लांब भिंतही आहे. दादाचं नाव असलेली.

आमच्या घरी दादाचं फार काही उरलं नाही. एक घड्याळ आहे, ते बंद पडलंय. बाकी कपडे आईने तेव्हाच देऊन टाकले. मी बसने माहेरी येते तेव्हा मुद्दाम त्या बाजूची खिडकी धरते. दुभाजकापलीकडून दोन सेकंद दिसतं, हिरवं 'गिलका'. माझी आरोही पाच वर्षांची आहे. तिला म्हणते, तो बघ तुझा मामा. ती विचारते, मामा भाजी होता का? हसू येतं, आणि तोवर बस पुढे गेलेली असते.

तुम्ही दर मे महिन्यात तिथे जाऊन रंग देता हे मला माहीत आहे. कोणी सांगितलेलं नसताना. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही, ते आज बोलते. आता एवढं अजून करा. बाकीच्या भिंतीवर त्यांना काय काढायचं ते काढू दे, दादाचं नाव तेवढं राहू द्या.

तेजस्विनी


अंबड, नाशिक
२७ ऑक्टोबर २०२५

तेजू,

पत्र पोचलं तेव्हा मी एका पॅनेलवर '४४० व्होल्ट, धोका' लिहीत होतो. हल्ली कारखानेवाले स्टिकर लावतात. माझ्याकडे येतात ते ज्यांचं स्टिकर दोन पावसाळ्यांत निघालं ते. माझं चौदा वर्षांपूर्वीचं अक्षर मी आजही तुला याच रस्त्यावर दाखवू शकतो.

आधी एक दुरुस्ती. काम माझ्या हाताखाली नाही. काम ठेकेदाराचं, ठेकेदाराचा सुपरवायझर जयराम, आणि जयरामने त्यातल्या चौदा भिंती मला दिल्यात. ललितने काही सांगितलं म्हणजे त्यात निम्मं त्याचं असतं. गोदामाची भिंत यादीत नवव्या नंबरला आहे. लांबी एकशे बारा फूट. रविचं नाव त्यातले साडेसोळा फूट.

तुला तेव्हाचं किती आठवतं माहीत नाही, म्हणून नीट सांगतो. तुझ्या मुलीलाही सांगता येईल.

आम्हाला हे कोणी शिकवलं नाही. मी दहावी नापास, चित्रकलेच्या कॉलेजची पायरी चढलो नाही, रवि दहावीवर थांबला. नव्याण्णव साली केबलवर एक इंग्रजी गाणं लागायचं. नाचणाऱ्या पोरांच्या मागे एक भिंत दिसायची, बरोबर तीन सेकंद. तिच्यावर अक्षरं, फुगलेली, एकमेकांत पाय अडकवून उभी. गाणं दिवसातून दोनदा लागायचं. आम्ही ललितच्या घरी वही घेऊन बसायचो. डावी बाजू रवि बघायचा, उजवी मी. महिनाभर असं करून कागद जोडले तेव्हा भिंत पूर्ण झाली. तिच्यावर काय लिहिलं होतं ते आम्हाला तेव्हाही वाचता आलं नाही, आजही माहीत नाही. मी म्हणत होतो आपणही इंग्रजीच लिहू. रवि म्हणाला, "आपल्यालाच वाचता येत नाही, कोणाला दाखवायचं?" म्हणून मराठी. नाशकात भिंतीवर असं मराठी नाव आमच्या आधी कोणी लिहिलेलं मला कोणी दाखवावं.

तो उंच, बारीक आणि तुमच्या मळ्यातला, म्हणून गिलका. मी घासलेट, कारण टर्पेंटाइन परवडायचं नाही, रंग रॉकेलने पातळ करायचो. ललितच्या वडिलांचं द्वारकेला टायरचं दुकान, म्हणून तो पंक्चर. स्प्रेचा डबा गाड्यांच्या टचअपचा मिळायचा, महाग. म्हणून स्प्रेने फक्त कड मारायची आणि पोट ब्रशने ऑइल पेंटचं भरायचं. डब्याच्या नोझलचं भोक सुईने किती मोठं केलं की किती जाड रेघ येते, याचं माझ्याकडे लिहिलेलं टिपण होतं.

लोक समजतात अशी कामं रात्री होतात. रात्री गस्त असते आणि कुत्री असतात. आम्ही मे महिन्यात दुपारी एक ते चार रंगवायचो. दुकानांची शटरं अर्धी खाली, हवालदार लिंबाखाली. भरउन्हात दोन पोरं भिंतीला रंग देताना दिसली तर बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी बिचाऱ्यांना कामाला लावलंय. एका काकांनी आम्हाला माठातलं पाणी दिलं आणि म्हणाले, जाताना आमचा जिनापण बघून जा.

नियम मी केले होते. राहत्या घरावर, देवळावर, शाळेवर हात टाकायचा नाही. दुसऱ्याच्या नावावर नाव लिहायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा, ज्याचं नाव त्याचाच हात. नावाला दुसऱ्याचा हात लागला की ते नाव बाद, त्यावर चुना. ललितने एकदा उन्हाचा कंटाळा केला आणि दुकानातल्या पोऱ्याकडून 'पंक्चर'चं पोट भरून घेतलं. मी त्याच दिवशी चुन्याची बादली घेऊन गेलो. तो महिनाभर बोलला नाही. पण नियमाला दोस्ती कळत नाही.

मग रविच्या नावाला मी कसा हात लावतो, असं तू विचारशील. गेलेल्या माणसाला हात नसतो. वर्षातून एक दिवस मी त्याचा हात होऊन जातो, एवढंच. वीस वर्षांत एक रेघ इकडची तिकडे झालेली नाही. सोबत परवा काढलेल्या फोटोची प्रिंट पाठवतोय, बघ.

जयरामशी बोललो. तो म्हणतो, 'मूळ स्थितीत जतन' असा एक रकाना आहे, त्यात बसवता येईल, पण मूळ स्थिती काय होती त्याचा पुरावा लागेल. जुना फोटो. माझ्याकडे नाही, तेव्हा कॅमेरा फक्त ललितकडे होता. तू शोध.

सोमनाथ


धुळे
९ नोव्हेंबर २०२५

सोमनाथदादा,

फोटो सापडला. ललितदादाच्या आईने, लंकाबाईंनी, पत्र्याच्या डब्यात राखीबरोबर ठेवला होता. मे २००५ मधला आहे, मागे तारीख आहे. दादा भिंतीसमोर उकिडवा बसलाय, हातात ब्रश, डोळे उन्हाने बारीक झालेले. मागे पूर्ण 'गिलका'. मूळ फोटो माझ्याकडे ठेवून कलर झेरॉक्स पाठवतेय.

तुम्ही पाठवलेली प्रिंट आणि हा फोटो मी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. कणीक मळता मळता बघत राहिले. मग हात धुऊन परत बघितले.

दादाच्या फोटोत अक्षरांवरची रेघ उजवीकडे चढत जाते, जरा दारू प्यायल्यासारखी. तुमच्या प्रिंटमध्ये ती पट्टीने मारल्यासारखी सरळ आहे. दादाच्या 'गि'ची वेलांटी पुढे वाहत जाऊन 'का'च्या डोक्यावर पडते. तुमच्या प्रिंटमध्ये ती 'ल'च्या आधीच थांबते. आणि ल. फोटोत ल दोघांच्या मधून खाली गेलाय, चांगला हातभर नाही तरी वीतभर तरी. त्याच्यावर रेघच नाही. आतला हिरवा रंग कडेच्या बाहेर आलाय. तुमच्या प्रिंटमध्ये ल बाकीच्यांच्या ओळीत उभा आहे, रेघेखाली, स्वच्छ.

बसमधून बघताना मला कधीतरी वाटायचं की हे मला आठवतं तसं नाही. मग वाटायचं, लहानपणी सगळंच वेगळं दिसतं. दादा गेल्यावर मला सटाण्याला मावशीकडे शिकायला ठेवलं, तिथूनच लग्न झालं. त्या भिंतीजवळ परत उभी राहिले नाही. त्यामुळे मी माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं.

आईचं सांगते. दादा गेला त्या वर्षी आई बाजारात भाजीची पाटी देऊन परत येताना द्वारकेला उतरायची, भिंतीपर्यंत चालत जायची आणि ल वर हात ठेवून उभी राहायची. मग पुढच्या उन्हाळ्यानंतर तिने ते बंद केलं. मी कारण विचारलं तर म्हणायची, "पाय दुखत्यात." काल फोनवर परत विचारलं. म्हणाली, "तिथं आता आपलं काय हाय?"

मध्ये दुसऱ्या कोणी त्यावर रंग मारला होता का? तुम्हाला नंतर आठवणीने काढावं लागलं का? काय झालं ते मला सांगा. मी भांडायला लिहीत नाहीये.

तेजस्विनी


अंबड
२१ नोव्हेंबर २०२५

तेजू,

झेरॉक्स मिळाली. फोटो कोणत्या कोनातून काढलाय ते आधी लक्षात घे. ललित गटारीच्या कठड्यावर, डाव्या अंगाला उभा आहे. अशा कोनातून कोणतीही सरळ रेघ चढलेलीच दिसते. शिवाय त्याचा कॅमेरा साधा होता, कडेला सगळं वाकायचं.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. मग भिंतीवर गेलो, त्याच कठड्यावर उभा राहिलो आणि मोबाइलने फोटो काढला. माझी रेघ तिथूनही सरळ दिसते. तेव्हा कॅमेऱ्याचं जाऊ दे.

कोणी मध्ये रंग मारला नाही. ल मी उचलला. अकरा इंच. पहिल्याच वर्षी, मे २००६. वेलांटी आवरली आणि दोरी मारून वरची रेघ सरळ केली. मागच्या पत्रात एक रेघ बदलली नाही असं लिहिलं, ते २००६ पासून पुढचं खरं आहे.

का उचलला ते ऐक. ती चूक होती. ल ला रेघ नाही, तो दोघांच्या मधून विहिरीत पडल्यासारखा, आणि पोट भरताना रंग तीन ठिकाणी बाहेर. रविचा हात असा नव्हता. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, तुझ्याजवळ लिहितो. तो ब्रश न उचलता चार फुटी वळण मारायचा. त्या आठवड्यात मला अंबडला नव्या नोकरीची पाळी होती, मी गेलो नाही. घाईत त्याने काहीतरी उरकलं असणार. मी रविवारी जाऊन बघितलं. ललित होता, टायरच्या दुकानातली दोन-चार पोरं होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "गिलक्या, ल चा पाय घसरला का रे?" पोरं हसली. रविही हसला. मी म्हटलं, "नीट कर." तो म्हणाला, "राहू दे, आवडतो मला." मी म्हटलं, "चूक आवडायला लागली की माणूस संपला." मग तो हसला नाही.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मे, जून, जुलै. मी वाट बघत होतो की तो म्हणेल, हो सोम्या, चुकलं. एवढंच म्हणायला हवं होतं. ऑगस्टमध्ये त्याला कावीळ झाली. ॲडमिट केल्याचं ललित सांगायला आला होता. मी म्हटलं, कावीळ काय, आठ दिवसांत घरी येईल, मग बघू.

तो राहिला असता तर त्याने स्वतःच ल उचलला असता. पंचविशीत माणसाला आपलं विशीतलं अक्षर दिसायला लागतं. त्याला तेवढा वेळ मिळाला नाही, तो मी त्याला दिला. लोकांनी त्याचं नाव बघून म्हणावं की हा कोणीतरी मोठा होता. आणि म्हणतात. मागच्या वर्षी पुण्याची कॉलेजची मुलं आली होती, मोबाइलवर फोटो काढत होती. त्यातली एक म्हणाली, काय कंट्रोल आहे. मी बाजूला उभा होतो, काही बोललो नाही.

आता कामाचं. जयरामच्या वरच्या साहेबाला भिंत आवडली आहे. नाव ठेवायचं, बाजूला छोटी पाटी लावायची, 'रविराज, नाशिकमधील सुरुवातीचे भिंतचित्रकार' अशी. पण हा फोटो दाखवता येणार नाही. फोटो आणि भिंत जुळत नाही म्हटल्यावर 'मूळ स्थिती' राहत नाही, आणि मग सगळ्या भिंतीवर एकच चित्र, कलश आणि घाट. मी दुसरा मार्ग काढलाय. फोटो नसेल तर घरच्या माणसाचं पत्र चालतं. नमुना सोबत जोडलाय. 'सदर चित्र माझ्या दिवंगत भावाने काढले असून आज ते मूळ स्थितीत आहे.' खाली सही आणि आधारकार्डाची प्रत. डिसेंबर संपायच्या आत हवं.

तुला भिंत वाचवायची होती. ती वाचली आहे. फक्त सही राहिली.

सोमनाथ


धुळे
७ डिसेंबर २०२५

सोमनाथदादा,

तुमचा नमुना कोराच परत पाठवतेय.

त्या मे महिन्यात मला शाळेला सुट्टी होती. आई-आण्णा मळ्यात आणि बाजारात, म्हणून मला दादाच्या गळ्यात बांधलं होतं. तुम्ही अंबडला होतात त्या आठवड्यात तो मला सायकलवर पुढे बसवून भिंतीवर घेऊन गेला. दोन दिवस मी फक्त बाटलीतलं पाणी सांभाळलं. तिसऱ्या दिवशी मी रडायला लागले की मलापण एक अक्षर पाहिजे. तो म्हणाला, तुझा हात पोचणार नाही. मी म्हटलं, स्टूल आण. तो म्हणाला, "स्टूल दिसलं की लोक थांबून बघतात. थांब, ल ला तुझ्याकडं आणतो."

म्हणून ल खाली आहे. त्याने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात वर करायला लावला आणि बोटाच्या टोकाशी खडूने खूण केली. ल चं डोकं तिथे. त्याची रेघ मुद्दाम मारली नाही, म्हणाला, झाकण लावलं तर तुझा ब्रश अडकेल. काळी कड त्याने मारली. आतलं पोट मी भरलं. माझा हात धरून नाही, ब्रश माझ्या हातात दिला आणि तो मागे जाऊन बसला. तीन ठिकाणी रंग बाहेर गेला. तिन्ही वेळेला मी वळून बघितलं. तो म्हणाला, "जाऊ दे बाहेर. तूबी बाहेर आलीस ना घरातून."

घरी येताना सायकलवर त्याने मला शपथ घातली. सोम्याला सांगायचं नाही. मी विचारलं, का? तो म्हणाला, "दुसऱ्याचा हात लागला म्हणून तो चुना मारील. त्याचा तसा नियम आहे." म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हा तो हसला आणि गप्प बसला. चूक कबूल करायला काय जात होतं, असं तुम्ही लिहिता. कबूल केली असती तर ल उचलावा लागला असता. खरं सांगितलं असतं तर चुना. म्हणून "आवडतो मला" एवढंच म्हणाला. ते खरं होतं.

आईला मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून ती ल वरच हात ठेवायची.

आता दवाखान्याचं. दादा तिथे अकरा दिवस होता. मी शाळा सुटल्यावर आण्णांबरोबर जायचे. पिवळे डोळे करून तो दाराकडे बघायचा आणि मला विचारायचा, "सोम्या आला व्हता का गं?" मी म्हणायचे, नाही. मला वाटायचं, तुम्हाला कुठून तरी कळलं असेल की ल मी भरला. म्हणून तुम्ही दादावर रागावलात आणि येत नाही. दादाची तब्येत त्या रागामुळे बिघडते. शेवटच्या दोन दिवसांत मी ठरवलं होतं की तुमच्या घरी येऊन सांगायचं, तो ल पुसून टाका पण दादाला भेटा. मला तुमचं घर माहीत नव्हतं.

नऊ वर्षांची मुलगी असं समजते आणि पुढे कोणाला विचारत नाही. वीस वर्षं मी हे धरून होते. आणि तुमच्या पत्रात वाचलं की तुम्ही आला नाहीत कारण रविने चूक मान्य केली नव्हती.

दरवर्षी तुम्ही तिथे जाता म्हणून मी तुमच्याबद्दल लोकांशी भांडलेय. माझ्या नवऱ्याला सांगितलंय, दोस्त असावा तर असा. आता मी त्याला काय सांगू ते तुम्हीच सुचवा, तुम्हाला दुसऱ्याचं नीट करून द्यायची सवय आहे.

त्या भिंतीवर आता माझ्या भावाचं काही आहे का, ते मला ठाऊक नाही. असेल तर तुम्हालाच ठाऊक असेल. मूळ स्थिती म्हणून मी सही करणार नाही. पाटी तर नकोच. तुमच्या अक्षराखाली दादाचं नाव मला चालणार नाही.

तेजस्विनी


अंबड
११ जानेवारी २०२६

तेजू,

उत्तराला महिना लागला. झालं ते क्रमाने लिहितो.

पत्र आल्यावर मी जयरामकडून आठ दिवस मागून घेतले. म्हटलं, रंगाचे थर खरवडून बघतो, खाली मूळ मिळालं तर तेच ठेवू. खरवडायची पत्री, गरम पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन पाच दिवस बसलो, सकाळी सात ते अंधार पडेपर्यंत. वरून सुरुवात केली नाही. ल जिथे आधी होता तिथून केली, जमिनीपासून मोजून. वीस वर्षांचे वीस थर आहेत. कंपन्यांनी हिरव्याची छटा बदलली तसतसं मला वर्ष ओळखता येत होतं. २०१७ चा निळसर आहे, २०११ चा पिवळट. ललित एक दिवस येऊन बसला. म्हणाला, "घासलेट, कांदा सोलतोयस का?" मी त्याला तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून तो उठून गेला, चहापण तसाच ठेवून.

चौथ्या दिवशी २००६ चा प्रायमर लागला. माझाच. त्याखाली काहीतरी असेल म्हणून पाचव्या दिवशी नखाने काढत बसलो. खाली सिमेंट आहे. नुसतं सिमेंट.

मग आठवलं. विसरलो होतो असं म्हणणार नाही, आठवायची वेळ आली नव्हती. जुन्या रंगावर नवा टिकत नाही, पोपडे धरतो. म्हणून पहिल्या वर्षी मी तारेचा ब्रश घेऊन त्याचा सगळा रंग उतरवला होता, अगदी भिंतीपर्यंत. दोन दिवस लागले होते. हिरवा भुगा निघाला, तो पाण्याने धुऊन समोरच्या गटारीत सोडला आणि मग प्रायमर मारला. काम बरोबर होतं. आजही कोणी भिंत दिली तर मी तसंच करेन. तुझं जे होतं ते त्या दिवशी गेलं. त्यानंतर मी वीस वर्षं जे सांभाळलं ते माझं होतं.

जयरामला सांगितलं, मूळ नाही, सगळं माझं आहे. तो म्हणाला, "मग काय बिघडलं सोमनाथभाऊ? मस्त तर आहे. तुमच्या नावाची पाटी लावू, खरवडलेलं तेवढं परत भरून घ्या." मला ते ऐकून बरं वाटलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण वाटलं. लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही म्हणून लिहितो. मग मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पांढरा मारला. हाताखालच्या पोरांना दिला नाही, मीच मारला. दोन कोटांत काळी कड दिसत राहिली, तिसऱ्यात गेली. आता तिथे घाट आहे आणि कलश. नववी भिंत आठवीसारखीच दिसते. बसमधून येशील तेव्हा कोणत्या बाजूला बसायचं ते तुझं तू ठरव.

दवाखान्याबद्दल काही लिहायला तीनदा बसलो. तू नऊ वर्षांची असताना माझं घर शोधणार होतीस, ते वाचलं.

मागच्या रविवारी मखमलाबादला गेलो. तुझ्या आईला, मावशींना, कोणीतरी भिंतीचं सांगायला हवं होतं आणि ते तुझ्या अंगावर टाकणं बरं दिसलं नसतं. वीस वर्षांत तुमच्या अंगणात पहिल्यांदा पाय ठेवला. मावशी पडवीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं, भिंत पांढरी झाली.

"कोणी केली?"

"मीच."

"समदी?"

"हो मावशी. सगळी."

"का त्याच्यातबी काय सुधारलं?"

त्यांनी जुडी बांधून झाल्यावर काडी दातांनी तोडली आणि पाटीत टाकली. दुसरी घेतली. मी म्हटलं, मावशी, मी दरवर्षी जात होतो तिथे. त्यांनी मान वर केली नाही.

"जात व्हता, ठावं हाय मला. लोक सांगायचे. पोरगं माझं अकरा दिस दाराकडं बघत व्हतं, तिथं नाय आला तू. भित्ताडाकडं वीस वरीस गेला. भित्ताड काय तुझी वाट बघत नव्हतं."

आतून कोणीतरी त्यांना हाक मारली. त्या पाटी उचलून गेल्या. परत येतील म्हणून मी थोडा वेळ थांबलो. त्या आल्या नाहीत. मग मी निघालो.

सोमनाथ